इस्त्रीच्या सदऱ्यातलं वेड

बंगळुरू,
१४ जुलै २०२५

प्रिय आबा,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने लावता, म्हणून हे पत्र. मागच्या खेपेस मी नोकरी बदलल्याचं सांगितलं, तर तुम्ही अख्ख्या गल्लीत माझं लग्न ठरल्याचे पेढे वाटलेत. आईला अजून लोकांचे अभिनंदनाचे फोन येतात.

तर नवी नोकरी अशी: मी चित्रकथा काढते, म्हणजे कॉमिक्स. आमच्या पुस्तकात एक राज्य आहे, तिथे माणसांची दुखणी माणसांसारखीच हिंडतात. भूक नावाची म्हातारी आहे, मत्सर नावाचा सोनार आहे, आळस तर राजाच्या पलंगाखालीच राहतो. चांदणी नावाची मुलगी या सगळ्यांना एकेक करून भेटते. त्यातलं सगळ्यात मोठं पात्र आहे वेड, आणि ते माझ्या वाट्याला आलंय.

ते मला जमत नाहीये. आमचे संपादक रजत यांनी दोनदा परत पाठवलं. म्हणाले, "हा कुठलाही राक्षस आहे. याला पाहून मला वेड आठवत नाही, दंतमंजनाची जाहिरात आठवते." ऑगस्टअखेरपर्यंत जमलं नाही तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे जाईल. मुखपृष्ठावर माझं नाव असणारं हे पहिलंच पुस्तक आहे, आबा.

तुम्ही दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडगे बनवता, लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे, शिव्या देऊन जाळायचे पुतळे. महागाईला, डेंग्यूला, रस्त्यातल्या खड्ड्यांनासुद्धा तुम्ही हातपाय दिलेत. न दिसणाऱ्या गोष्टीला तोंड कसं द्यायचं, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

अजून एक. फुलाआजीला विचारलं तर चालेल का? आई म्हणते, तिच्यापुढे तो विषयच काढायचा नाही. पण वेडाला जवळून पाहिलेली आपल्या घरात ती एकटीच.

तुमची,
चिन्मयी

*

जुनी बुधवारी, नागपूर
२३ जुलै

चिन्मयी बेटा,

डोक्यावर हात ठेवला असं समज.

पेढ्यांचं राहू दे. पेढे वाया गेले नाहीत, गल्लीनं खाल्ले. लग्न ठरेल तवा पुन्हा वाटीन.

तुह्यं पत्र मी तीनदा वाचलं अन् मले हसू आलं. मी खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलर सांभाळणारा माणूस, शाळा सातवीपर्यंत. अन् बंगळुरूची चित्रकार मले विचारून राहिली का तोंड कसं काढू! आता विचारलंच आहे तर सांगतो, मंग आगाऊ म्हणू नको.

बडग्याचं पहिलं सूत्र असं का तो चौकाच्या त्या टोकावरून ओळखू आला पाहिजे. मारबतीच्या दिवशी एवढी गर्दी, एवढे ढोल, त्यात बारीक नाकडोळे कोण पाहते? म्हणून डोळे परातीएवढे. दात बाहेर. हात दोन पुरत नसतील तर चार लाव, बांबूच्या कमच्या आपल्याच आहेत. केस सुतळीचे, पिंजून घेतलेले. लोकायनं पाहिल्याबरोबर "घेऊन जा गे मारबत" म्हणून बोंब ठोकली पाहिजे. ज्याले पाहून बोंब निघत नाही, तो बडग्या नाही, तो दुकानातला पुतळा. तुह्या साहेबाले भेव वाटत नाही म्हणजे तू हात आखडता घेतला. मोकळा सोड.

फुलाचं म्हणशील तर तिचं नाव यात काढू नको. धंतोलीच्या डॉक्टरची गोळी चालू झाल्यापासून वर्षं झाली, माही बहीण ठणठणीत आहे. सध्या कामठीले गेली, तुह्या मिनलमावशीच्या बाळंतपणाले. पोरीले न्हाऊमाखू घालते, शेक देते, अन् जावयाले रागावते. सुखाचा जीव आहे. खपली धरलेल्या जागी नख कशाले लावा?

आबा

*

बंगळुरू,
२ ऑगस्ट

आबा,

हात मोकळा सोडला. सोबत चित्र पाठवतेय. नऊ हात, लाल डोळे, जटा, गळ्यात तुटलेल्या साखळ्या, जीभ छातीपर्यंत. तुमच्या चौकाच्या त्या टोकावरूनच काय, कामठीहूनही दिसेल.

रजतना अजून दाखवलेलं नाही. आधी तुम्ही सांगा.

फुलाआजीचं कळलं. नाही विचारणार. फक्त तुम्हाला सांगते. मी सहा वर्षांची असताना आपल्याकडे आले होते. फुलाआजी मागच्या खोलीत कोपऱ्याकडे तोंड करून कोणाशी तरी बोलत होती. अगदी हळू, हसूनसुद्धा. कोपऱ्यात कोणी नव्हतं. आईने माझा हात धरला आणि त्याच संध्याकाळी आम्ही पुण्याला परतलो. तेव्हापासून त्या रिकाम्या कोपऱ्यात मी मनाने एक राक्षस बसवलाय. वेड काढायला बसले की हात आपोआप तोच राक्षस काढतो. पण तो मी कधी पाहिलेला नाही, आबा. बहुतेक म्हणूनच जमत नाही.

चिन्मयी

*

जुनी बुधवारी, नागपूर
१२ ऑगस्ट

चिन्मयी बेटा,

तू तर गल्ली हालवून सोडली!

तुह्यं चित्र मी पोस्टमनसमोरच उघडलं. तो म्हणे, "बाप रे, काका, हे कोण?" म्हटलं, नातीनं काढलं. मग काय, मी ते ओट्यावरच्या भिंतीले लावलं. येणारा जाणारा थांबून राहिला. संध्याकाळी बडग्या मंडळाची बैठक होती. यंदा कोणाचा बडग्या करावा, यावर नत्थू अन् गोविंदा भांडून राहिले होते. नत्थूचं म्हणणं स्मार्ट मीटरचा करू, गोविंदाचं म्हणणं ऑनलाइन फसवणुकीचा करू. मग दोघायचीही नजर भिंतीवर गेली. भांडण खलास. एकमतानं ठरलं, यंदा आपल्या गल्लीचा बडग्या हाच. वेडाचा!

सांगाडा झाला. नऊ हात बांधता बांधता नत्थूचे दोन हात दुखून आले. रद्दीचे थर चढवून राहिलो. डोळ्यायले गोविंदानं त्याच्या दुकानातले लाल बल्ब दिले, ते पेटतात अन् विझतात. जिभेले मच्छरदाणी रंगवली. खाली पाटी लागणार आहे, "वेड", अन् बारीक अक्षरात "चित्र: कु. चिन्मयी, बंगळुरू". तुह्यं नाव मुखपृष्ठावर यायच्या आधी बुधवारीत आलं.

फुलाची काळजी करू नको. ती मारबत झाल्यावर येणार आहे. तोवर बडग्याची राख झालेली राहील.

खुशीत असलेला,
आबा

*

बंगळुरू,
१८ ऑगस्ट

आबा,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवतेय. आधी फोन केला होता. मी म्हणाले, तो बडग्या थांबवा. तुम्ही म्हणालात, "हो हो, पाऊस चांगला आहे." मिनलमावशीकडून तुम्हाला निरोप दिला असता तर दहा मिनिटांत आईला कळलं असतं.

आबा, तो बडग्या नका काढू. महागाईला शिव्या दिल्या तर महागाईला वाईट वाटत नाही. पण फुलाआजीला जे झालं होतं, त्याला लोक भर रस्त्यात शिव्या देणार, त्याच्याकडे बघून फिदीफिदी हसणार, मग जाळणार, आणि खाली माझं नाव. ती आठ दिवसांनी आली तरी गल्लीतलं कोणीतरी तिला सांगेलच. नत्थूकाका तर नक्कीच.

रजतनीही ते चित्र परत पाठवलंय. त्यांचा शेरा: "तोच राक्षस. हात वाढलेत." आता दहा-बारा दिवस उरलेत. पुस्तक गेलं तर जाऊ दे. पण तिला दुखवून मिळालेलं मला नको.

तुमची,
चिन्मयी

*

जुनी बुधवारी, नागपूर
२४ ऑगस्ट

चिन्मयी बेटा,

तुह्यं पत्र मले काल संध्याकाळी भेटलं. बडग्या जाळून घरी आलो, हाताले राख होती, तसंच उघडलं. म्हणजे जे व्हायचं ते तवा होऊन गेलं होतं. आता नीट बसून सांगतो, घाबरू नको.

परवा पोळा होता. दुपारी मी अन् नत्थू बडग्याच्या जटा लावून राहिलो होतो, तर दारात ऑटो थांबला. फुला उतरली. हातात पिशवी, पिशवीत मिनलच्या सासूनं दिलेल्या करंज्या. म्हणे, "मिनलची सासू आली, मले सुट्टी भेटली. सणाच्या दिवशी भाऊ एकटा काहून ठेवा?"

अन् मग तिची नजर वर गेली.

"हे कोण गा, भाऊ?"

"बडग्या आहे."

"बडग्या दिसून राहिला मले. कोणाचा?"

माही जीभ टाळूले चिकटली. पण नत्थूची कधी चिकटली आहे? म्हणे, "वेडाचा आहे, आत्या! आपल्या चिन्मयीनं काढला. बल्ब लावून दाखवू का?" अन् लावले.

धरणी फाटली असती तर मी आत गेलो असतो, बेटा. फुलानं पिशवी खाली ठेवली. बडग्याभोवती एक चक्कर मारली. हात मोजले. जीभ चिमटीत धरून पाहिली. मग एकदम "माय वं!" म्हणून ओट्यावर बसली अन् पदर तोंडात कोंबला. मले वाटलं रडून राहिली. जवळ गेलो तर ती हसून राहिली होती! डोळ्यातून पाणी.

"नऊ हात! अन् नऊ हातायनं हा करते काय?"

"भेव दाखवते," नत्थू म्हणाला. त्याले जरा राग आला होता, मेहनत त्याची.

"असा दिसला असता तर पहिल्याच दिवशी झाडून हाणला असता गा मी," फुला म्हणाली. "घरात पाय ठेवू दिला असता का?"

मी म्हटलं, "मग कसा होता?" बेटा, एवढ्या वर्षात मी हे कधी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

ती करंजी मोडत सांगू लागली, जसं काही कामठीची खबरबात सांगते. "दुपारी आला. मी भांडे घासून राहिली होती. पांढरा सदरा, इस्त्रीचा, एक घडी मोडलेली नाही. भांग पाडलेला. आवाज असा मऊ का पोस्टातला चांगला बाबू बोलते तसा. मले म्हणे, पंचफुलाबाई, सगळे तुमच्यावर हसून राहिले, मी नाही हसत. या घरात मले कोणी बाई म्हटलं होतं का? फुले इकडं ये, फुले पाणी आण. यानं बाई म्हटलं. मी म्हटलं, बसा."

नत्थूनं बल्ब विझवले.

"मग तो बसला तो बसलाच," ती म्हणाली. "कधी जोरानं बोलला नाही. हळूहळू बाकीच्यायचाच आवाज मले कर्कश वाटू लागला."

मग मी म्हटलं, "फुला, हा बडग्या आपण मोडून टाकू." तर उलट मलेच रागावली. "एवढी खळ लावली, एवढी रद्दी लावली, मोडता काहून? उद्या मिरवणूक आहे. पण चुकीचा माणूस नका जाळू बाप्पा! नत्थू, ते सात हात काढ. दोन पुरे. जीभ आत घाल."

अन् तिनं माहा पांढरा सदरा काढला. तोच, तुह्या मायनं दिवाळीले पाठवलेला. म्हटलं, फुला, तो माहा एकच चांगला सदरा आहे. म्हणे, "त्याले मळका चालत नाही." स्वतः इस्त्री केली. सुतळीच्या जटा कापल्या, तेल लावून भांग पाडला. गोविंदानं डोळे नव्यानं रंगवले, मऊ, लाडिक. पाटीही काढून टाकली. म्हणे, "तो नाव सांगून येत नाही."

नत्थू रडकुंडीले आला. "आत्या, याले पाहून लोक शिव्या देतील का नमस्कार करतील?"

"नमस्कारच करतील. मीही केलता."

अन् बेटा, झालंही तसंच! काल मारबतीच्या मागं एवढे बडगे होते, दात काढलेले, शिंगं लावलेले, अन् त्यायच्यात आमचा हा गुळगुळीत माणूस. पानठेल्यावाला म्हणे, "कोणत्या पक्षाचा उमेदवार आहे, काका?" एक जण म्हणे, "जावई जाळून राहिले का?" एका म्हाताऱ्यानं तर खरंच हात जोडले. फुला चौकापर्यंत सोबत चालली. जो विचारे "हा कोण?", त्याले ती सांगे, "नाही ओळखला ना? मीही नव्हता ओळखला."

एक बाई मात्र हसली नाही. बराच वेळ पाहत राहिली, मग फुलाजवळ येऊन कानात काहीतरी बोलली. मले ऐकू यायचा प्रश्नच नाही. फुलानं तिचा हात धरला अन् धंतोलीच्या डॉक्टरचा पत्ता दोनदा म्हणून घेतला तिच्याकडून. मग आम्ही सगळ्यायनं मिळून "घेऊन जा गे मारबत" अशी बोंब ठोकली का मलेसुद्धा ऐकू आली.

सदरा चांगला जळला. टेरिकॉट होता.

घरी येताना फुला म्हणाली, "चिन्मयीले लिही, मले विचारायचं होतं ना तिनं. मी काय काचेची आहे का?" तिले तुह्या पहिल्या पत्राचं मी सांगितलं नव्हतं. पण पत्र ज्या डब्यात ठेवतो, त्यातच ती साबुदाणा ठेवते.

आता तू अन् तुहा हात. दिवस थोडे आहेत. बस.

आबा

*

बंगळुरू,
९ सप्टेंबर

फुलाआजी आणि आबा,

झालं!

आबांचं पत्र आलं त्या दिवसापासून मी टेबलावरून उठलेच नाही. आता आमच्या राज्यात वेड पांढऱ्या सदऱ्यात येतं. चांदणीला राजवाड्यात सगळे "ए पोरी" म्हणून हाक मारतात. तोच एक दारात उभा राहून, मान थोडी झुकवून म्हणतो, "चांदणीबाई, आत येऊ का?" त्याच्या मागे सावली नाही, शिंग नाही, काही नाही. फक्त सदऱ्याला एकही चुणी नाही.

रजतनी ते पान पाहिलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, गेलं पुस्तक. मग म्हणाले, "याला मी आत घेतलं असतं." बस, एवढंच. पुस्तक माझ्याकडे राहिलं.

आईलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "आत्याला विचारलंस? आणि ती चिडली नाही?" मी म्हटलं, हसली. आईने फोन ठेवला. नंतर मावशीकडून कळलं की तिने लगेच तुमच्याकडे लावला, तासभर बोलली आणि शेवटी दिवाळीला नागपूरला यायचं ठरवलं. आबांसाठी नवा सदरा घेतलाय. जाळू नका.

आता एकच पान उरलंय, शेवटचं. फुलाआजी, हे तुलाच विचारते, मधे आबा नकोत. गोष्टीच्या शेवटी चांदणीने वेडाला हरवायचं आहे. रजत म्हणतात, तिला चंद्रप्रकाशाची तलवार देऊ, एका घावात मुंडकं उडवू. मी चारदा काढलं. मुंडकं उडतं, पण खोटं वाटतं. इस्त्रीच्या सदऱ्यातल्या माणसावर तलवार उगारली की तीच वेडी दिसते.

आजी, तू त्याला कसं हरवलंस?

तुझी,
चिन्मयी

*

बुधवारी, नागपूर
२० सप्टेंबर

चिनू माय,

अक्षर मोठं आहे, सांभाळून घेजो. भाऊ म्हणे मी लिहून देतो. म्हटलं, मधे आबा नकोत असं पोरीनं लिहिलं आहे, तू जाय भाजी आण.

तुह्यं चित्र पाहिलं. तोच आहे. एक सांगते, तो नखं लय स्वच्छ ठेवे. तेवढं पाहजो.

आता तुह्या विचारण्याचं. हरवलं असं कोणी सांगितलं तुले? तलवार नको देऊ त्या पोरीच्या हातात. तलवार धरली का दोन्ही हात अडकतात, मग बाकीचं कोण करेल?

गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेते. डॉक्टर बाईले दाखवून येते. भाऊ जवळ आहे, त्याले ऐकू नाही आलं तरी तो समोर बसून मान हालवते, तेही पुरते. त्यानं त्या सदरेवाल्याचं बळ गेलं. पण अजून येते कधीमधी. आत नाही येत, उंबरठ्यावर उभा राहते. तसाच मऊ बोलते. पंचफुलाबाई, म्हणते.

पहिले मी सगळं टाकून त्याचं ऐकत बसे. मग शिव्या देऊन पाहिल्या. शिव्यायनं त्याले काही होत नाही, उलट त्याले वाटते आपल्याशी बोलून राहिली. आता मी तेही नाही करत. मी म्हणते, थांबा, कुकरची एक शिटी व्हायची आहे. मग म्हणते, थांबा, दळण आणायचं आहे. कामठीले आला होता, तवा म्हटलं, थांबा, पोरीचं अंग चोळायचं आहे, तेल कोमट झालं. त्याले सगळं सोसते बाप्पा. शिव्या सोसते, जाळलं तरी सोसते. पण कोणी ताटकळत ठेवलेलं नाही सोसत. मोठ्या मानाचा आहे ना. सदरा झटकते अन् चालला जाते.

तर तुह्या चांदणीले काहीतरी काम दे. साधंच दे. अन् त्याले दारात उभा ठेव.

तुह्या मायले, हर्षाले म्हण, दिवाळीले ये, पण चार दिवस राहायले ये. त्याच संध्याकाळी नको पळू.

आणखी लिहायचं होतं. पण तुले खरं सांगते, हे पत्र लिहायले बसली तवा तो दारात आला होता. मी म्हटलं, थांबा, नातीले पत्र लिहून राहिली. मान वर नाही केली.

आत्ता केली. गेला.

तुही,
फुलाआजी